गप्प म्हणजे रस्ता मोकळा

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तर सरून बहात्तरावं लागलं होतं. वय मी कधी लपवलं नाही. लपवली ती दुसरीच गोष्ट, आणि ती लपवण्यापायी काय होता होता राहिलं ते लिहायला बसलोय.

शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तीही चौथीत दोनदा बसून. तेव्हा लिहिण्यात चुका असतील, त्या असू देत. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातनं चुलत्यानं मला पंधराव्या वर्षी मद्रासला आणलं. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायचं काम. सौकारपेठेतल्या एका बोळात चुलत्याच्या हाताखाली शिकलो, मग स्वतःची भट्टी टाकली आणि त्रेचाळीस वर्षं चालवली. मुशीतल्या रसाचा रंग बघून मी सांगायचो, अजून किती हीण शिल्लक आहे. पुढं यंत्रं आली, आकडे दाखवायला लागली, तरी सराफ आधी माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मग आकड्याकडं. हा माझा डोळा. त्याच्यावर मी जगलो, पोरगा शिकवला, वेस्ट मांबलमला दोन खोल्या घेतल्या. त्याच डोळ्याला काही झालंय हे कुणाला सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं.

झालं असं की त्याच्या आदल्या वर्षापासनं दाराच्या चौकटीला माझा डावा खांदा लागायला लागला. तांब्यातलं पाणी पेल्याच्या बाहेर पडायचं. बायकोला वाटलं, म्हातारपण. मलाही तसंच वाटलं असतं तर बरं होतं. एक दिवस गाडीचं ऑइल बदलायला जातो म्हणून निघालो आणि अण्णा नगरला डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण पोरगीच होती, माझ्या सुनेएवढी. तिनं यंत्रात डोकं घालायला लावलं, ठिपके दाखवले, अर्धा तास घेतला. मग म्हणाली, काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, हा गेलेली नजर परत देत नाही. डावा डोळा जवळजवळ संपला होता, कडेला नखाएवढा उजेड राहिला होता. उजवा अजून चांगला. थेंब लिहून दिले आणि उठताना म्हणाली, "अय्या, इनिमे वंडी ओट्टकूडादु." यापुढं गाडी चालवायची नाही.

मी मान हलवली, जिना उतरून खाली आलो आणि गाडीला किक मारली.

घरी सांगितलं, येताना डोळे दाखवून आलो, चष्म्याचा नंबर बदललाय आणि डोळे कोरडे पडतात. बायकोनं थेंबांची बाटली उलटीपालटी करून बघितली आणि देवाच्या फळीवर ठेवली.

माझी मोटारसायकल जुनी आहे. पोराचा जन्म आणि ती एकाच सालातली. पोरगा गुम्मिडिपूंडीला कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या कामावर आहे, तिथंच बायको-पोर घेऊन राहतो. दर दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं गाडीवरनं त्याच्याकडं जायचो. पन्नास किलोमीटर. त्यातले निम्मे बंदराकडं जाणाऱ्या ट्रेलरांमधनं. पोरगा मागंच लागला होता की आता हे बंद करा. बंद होत नाही म्हटल्यावर एक दिवस दोन हेल्मेटं घेऊन आला. दोन्हीच्या कडेला काळी डबी चिकटवलेली.

"आबा, यात आई आणि तुम्ही बोलू शकता. वायर नाही, काही नाही. मी फोन केला तर डायरेक्ट कानात येईल, डबीचं बटण दाबलं की झालं, खिशातल्या फोनला हात लावायला नको. गाणी पण लागतात."

"मला काय टाकीत तोंड घालून बोलायचंय?"

"अय्यो, आबा, एकदा घालून तर बघा."

बायको स्वयंपाकघरातनं म्हणाली, "घाला की. घरात बोलत न्हाईसा, निदान गाडीवर तरी बोलाल."

तिच्या अंबाड्यावर ते हेल्मेट बसेना. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली, आणि आरशात बघून स्वतःच हसली. "पोलीस पकडतील मला, म्हनतील ही कोन चोर."

पहिल्यांदा गाडीवर बसलो आणि तिचा आवाज दोन्ही कानांत आला तेव्हा मी दचकलो. सत्तेचाळीस वर्षं ती माझ्या मागं बसली, पण बोललेलं वाऱ्यावर जायचं. मी "हं" म्हणायचो, ती समजायची ऐकलं. आता तिचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. तिला चेव आला. मांबलम स्टेशनपासनं अशोक नगरपर्यंत ती बोलतच होती. दुकानांच्या तमिळ पाट्या वाचून दाखवायची. तिनं शेजारणीकडनं तमिळ लिपी शिकून घेतली होती, मला आजवर येत नाही, हेही त्यात आलंच.

हे असं पंधरा-वीस दिवस चाललं. मग एक दिवस अशोक नगरला भाजी घेऊन परत येताना ती एकदम ओरडली, "बाई! अवो, बाई!"

मी ब्रेक दाबला तो तिच्या ओरडण्यावर. बाई मला दिसली नव्हतीच. पोराला धरून ती माझ्या डाव्या बाजूनं रस्त्यात उतरली होती आणि माझ्या चाकापासनं हातभर अंतरावर उभी होती. तिनं मला शिवी दिली नाही, नुसतं बघितलं, आणि पोराला ओढून नेलं.

घरापर्यंत कानात एक शब्द आला नाही. वर आलो, हेल्मेट काढलं, खुर्चीवर बसलो. चप्पल काढायला वाकलो, उठलो, पंखा लावला.

तेवढ्यात तिचा आवाज आला. "मी कुठं हाय?"

"कुठं म्हणजे? आत."

"मी तुमच्या डाव्या खांद्याशी हुबी हाय. मगापासनं."

मान वळवून बघितलं. हात पुढं केला असता तर लागली असती, एवढ्या जवळ उभी होती. पदर तोंडाला लावलेला.

मग भांडण झालं. भांडण म्हणजे मी ओरडलो आणि ती थांबली. ती म्हणाली, पोराला सांगते. मी म्हणालो, सांग, सांगितलंस तर जेवणार नाही. लहान पोरासारखं बोललो, पण बोललो. ही गाडी गेली म्हणजे माझं काय उरतं, हे मला तिला समजावून सांगता येत नव्हतं. भट्टी बंद होऊन सहा वर्षं झाली होती. सकाळी उठून गाडी पुसायची, एक चक्कर मारायची, कुणाला काय आणून द्यायचं असलं तर द्यायचं. लोक म्हणायचे, काका अजून ताठ आहेत. तेवढंच होतं.

ती दोन दिवस विचार करत होती असं दिसलं. तिसऱ्या दिवशी चहा माझ्या उजव्या हाताशी ठेवून म्हणाली, "मी मागं बसल्याबिगर किल्लीला हात लावायचा न्हाई. डावीकडचं मी सांगनार. एकटं गेलासा तर त्याच दिवशी पोराला फोन करीन."

तिनं चूक केली असं कुणी म्हणेल. पण ती मला ओळखून होती. तिनं सांगितलं असतं तर मी चोरून गेलो असतो, आणि एकटा गेलो असतो.

मीही अट घातली. अभिमान म्हणा. "ऐकीन. पण बडबड चालनार न्हाई. डावीकडं काय असलं तरच बोलायचं. तू गप्प म्हंजे रस्ता मोकळा."

ही अट मी हवेतनं काढली नव्हती. आमच्या धंद्यात तसंच काम चालतं. मुशीत रस व्हायला लागला की एकानं आत बघायचं आणि दुसऱ्यानं भट्टीच्या पंख्याचं हँडल फिरवायचं. हँडलवाल्यानं आत बघायचं नाही, त्याचं तोंड भिंतीकडं. बघणारा फक्त थांबवायला बोलतो. तो गप्प आहे तोवर हँडल फिरत राहिलं पाहिजे. गडी ठेवायची ऐपत नव्हती तेव्हा आठ-नऊ वर्षं बायकोच माझ्या हँडलवर बसली होती. तिनं कधी विचारलं नाही, "अजून फिरवू का?" मी "बस" म्हणेपर्यंत फिरवायची. आता ती बघणारी झाली आणि हँडल माझ्या हातात आलं, एवढाच फरक. मला तर वाटलं, यात काय चुकायचंय?

चार महिने चुकलं नाही. तिचा आवाज यायचा, "रिक्षा." "सायकल." "बस थांबलीया, लोकं उतरत्यात." उलट्या बाजूनं कडेकडेनं येणारे असायचे, त्यांना ती म्हणायची, "आला एक शाना." मी चाक तेवढं उजवीकडं घ्यायचो. गुम्मिडिपूंडीला पोचलो की ती पोरापुढं तोंडातनं अवाक्षर काढायची नाही. मी मिशीवर हात फिरवून म्हणायचो, सव्वा तासात आलो.

मग नातवाचं जावळ ठरलं. सुनेचा भाऊ यायचा होता, मामाच्या मांडीवर बसवून केस काढतात. न्हाव्याला दहाची वेळ दिलेली. पोरानं आदल्या दिवशी फोन केला.

"आबा, उद्या ट्रेननं या ना. सेंट्रलला बसलात की डायरेक्ट इथं. मी स्टेशनवर येतो."

"मला रस्ता ठाऊक हाय."

"ट्रेलर बघितलेत का हल्ली? कंपनीच्या बस कशा चालवतात?"

"तू जन्मायच्या आधीपासनं चालवतोय."

"तेच म्हणतोय ना मी," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

राग आला. ते हेल्मेट घेऊन मी गॅलरीत जाऊन बसलो. खरं सांगायचं तर त्या डबीतली गाणी मला आवडायला लागली होती. बायकोसमोर कबूल करायचो नाही. संध्याकाळी गॅलरीत बसून, हेल्मेट डोक्यात घालून मी भजनं ऐकायचो. समोरच्या गच्चीवरची माणसं हसत असतील. त्या संध्याकाळी ऐकता ऐकता तसाच पेंगलो. भजनं चालूच राहिली. जेवायला उठलो तेव्हा हेल्मेट खुंटीला टांगलं, चार्जरला लावलं नाही. बायकोनं तिचं लावलं होतं. तिला वाटलं, मी माझं लावलं असणार.

सकाळी साडेसातला निघालो. ती नेहमीसारखी एका बाजूला पाय टाकून बसलेली, साडी, मांडीवर खाऊची पिशवी, उजवा हात माझ्या खांद्यावर. एका बाजूला म्हणजे डाव्या बाजूला. आपल्याकडं बायका तशाच बसतात, त्यात काही नवल नाही, आणि नवल नाही म्हणूनच मी त्याचा कधी विचार केला नव्हता. चार महिने माझ्या आंधळ्या बाजूला तिचे दोन्ही पाय लोंबत होते.

कोयंबेडू, पाडीचा पूल, रेट्टेरी, सगळं नीट गेलं. रविवार असल्यानं गर्दी कमी. रेड हिल्सच्या पुढं मोठा रस्ता लागला आणि ट्रेलर सुरू झाले. एकामागं एक, वर डबे, खाली अठरा-वीस चाकं. ते शेजारनं गेले की गाडी आधी त्यांच्याकडं ओढली जाते आणि मग ढकलली जाते. मी हँडल घट्ट धरून होतो.

"ट्रेलर हुबा हाय कडंला," ती म्हणाली. मी उजवीकडं घेतलं. "झाला." थोड्या वेळानं, "कुत्रं." मग कारनोडैच्या पुलावर, "उलटा येतोय एक. दूध घेऊन." तो गेला.

पुलाच्या पुढं माझ्या कानात टुंग झालं. मग परत टुंग. मला वाटलं पोराचा फोन. उचलायचा म्हणजे डबीवरचं बटण दाबायचं, पण माझं मन नव्हतं. येतोय म्हणून काय दर मैलाला सांगायचं? मग टुंग थांबलं. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला, इंजिनचा राहिला. ती गप्प होती. गप्प म्हणजे मोकळा रस्ता. मला बरंच वाटलं. कवरैपेट्टै मागं पडलं, मी दोन ट्रेलर एका दमात मागं टाकले. ती काही बोलली नाही. मी म्हटलं, आज खुशीत आहे, नातवाचं जावळ आहे.

गुम्मिडिपूंडीला मोठा रस्ता पुलावर चढतो. गावात जायचं तर त्याच्या आधी डावीकडं उतरून बाजूचा रस्ता धरावा लागतो. ट्रेलर ओलांडताना मी मधल्या पट्ट्यात आलो होतो. आता दोन पट्टे ओलांडून डावीकडं यायचं होतं. ही जागा मला भीतीची होती. इथं मी नेहमी थांबायचो, म्हणजे वेग कमी करायचो आणि तिच्या आवाजाची वाट बघायचो. त्याही दिवशी बघितली. मनात एक, दोन, तीन म्हटलं. कानात काही नाही. चार म्हटलं.

हँडल डावीकडं वळवलं.

त्यानंतर माझ्या गळ्याला फास बसला. तिनं दोन्ही हातांनी माझी कॉलर धरून उजवीकडं खेचली होती. मी उजवीकडं कलंडलो, गाडी कलंडली, मान डावीकडं फिरली, आणि माझ्या तोंडाजवळनं एक निळा पत्रा सरकायला लागला. तो संपेचना. खिडक्या, खिडक्या, चाक, परत खिडक्या. पत्र्यावर काहीतरी खरवडत गेल्याचा आवाज. हॉर्न वाजत होता, तो बराच वेळ वाजत असणार, पण त्या रस्त्यावर हॉर्न कुठला नसतो? कारखान्याची बस होती. ती पुढं गेली आणि मी पाय टेकत, घासत, कशीतरी गाडी कडेला आणून उभी केली.

मला आधी राग आला. लाज वाटते लिहायला, पण आधी रागच आला. मान वळवून ओरडलो, "बोलली का न्हाईस?"

ती गाडीवरच बसलेली. तिनं हेल्मेट काढलं. तोंड लाल, केस कपाळाला चिकटलेले. तिचे ओठ हलत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. डोक्यात जाड हेल्मेट आणि शेजारनं ट्रेलरांचा गडगडाट. मग मी माझं हेल्मेट काढलं.

"...फुटस्तवर वरडतेय मी! त्या पुलापासनं वरडतेय! ट्रेलर म्हनले, गाय म्हनले, बस म्हनले! तुम्ही ऐकत का न्हाई?"

कारनोडैच्या पुलापासनं. म्हणजे बारा-पंधरा किलोमीटर मी तसाच आलो होतो. डबी बंद पडली होती आणि मी तिच्या बंद पडण्याला रस्ता मोकळा समजत होतो. तिच्याही कानात टुंग झालं होतं, तिलाही पोराचा फोन वाटला. गाडी ट्रेलरांच्या इतकी जवळनं जायला लागली तेव्हा तिनं दोनदा खांदा दाबला. मला वाटलं, तोल सावरतीय.

बस पुढं थांबली होती. ड्रायव्हर उतरून आला, पंचविशीतला, शर्टाची बटणं उघडी. "पेरिसु! कण्णु तेरियलैया?" म्हाताऱ्या, डोळ्यांना दिसत नाही का?

मी या शहरात पोलिसाशी भांडलोय, सराफाशी भांडलोय, घरमालकाला बोळातनं पळवलंय. त्या पोरापुढं मी मान खाली घातली. तो खरं बोलत होता.

बायको तमिळमध्ये म्हणाली, "तेरियुदु, तेरियुदु. नी पो." दिसतंय, दिसतंय, तू जा. आणि हातानं त्याला झटकून टाकलं. तो गेल्यावर मग मी तिच्या पायाकडं बघितलं.

डावी चप्पल नव्हती. बोटं बसला घासली होती. अंगठ्याशेजारच्या बोटातलं जोडवं चेपून मांसात रुतलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी रक्त येत होतं. ती पायाकडं बघत नव्हती. खाऊची पिशवी मांडीवर तशीच धरलेली होती.

"चला," ती म्हणाली. "न्हावी थांबला असंल."

मी गाडीवर बसलो नाही. तिला बसवूनच ठेवली आणि उजव्या बाजूनं हँडल धरून गाडी ढकलत निघालो. ती म्हणाली, उतरते, रिक्षा करा. मी ऐकलं नाही. दीड किलोमीटर असेल. घाम डोळ्यांत जात होता. लोक बघत होते.

पोराच्या घरी दारात रांगोळी होती. नातवाला नवा झबला घातलेला. पोरगा हसत बाहेर आला आणि आईचा पाय बघून तसाच थांबला.

"काय झालं?"

"बसनं घासलं," ती म्हणाली. "त्यांची न्हाई चूक. आधी जावळ होऊ दे."

पण बोट सुजत चाललं होतं, जांभळं पडलं होतं. सून पाणी घेऊन आली, म्हणाली, जोडवं आत्ता नाही काढलं तर बोट जाईल, दवाखाना नंतर. पोरानं त्याच्या कामाच्या पेटीतनं बारीक कटर आणलं. पायाला हात लावणार तोच बायकोनं पाय आखडून घेतला.

"तू न्हाई. नवऱ्याच्या नावाचं जोडवं पोरानं कापायचं नसतंय. ह्यांनी कापायचं."

आमच्याकडं तसं मानतात. आणि तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मला नक्की माहीत आहे. कळवळली होती, त्यात तेवढंच तिला सुचलं.

पोरगा म्हणाला, "हो ना, आबा, तुम्हीच कापा. केसाएवढी तार कापायचात तुम्ही."

सगळे बघत होते. सुनेचा भाऊ, न्हावी, शेजारच्या दोन बायका. मी खाली बसलो, तिचा पाय मांडीवर घेतला, कटर हातात घेतलं. ज्यांना दोन डोळे आहेत त्यांना हे कळणार नाही. एका डोळ्याला वस्तू दिसते, पण ती किती लांब आहे ते दिसत नाही. मोठ्या वस्तूचं चालून जातं. पण चांदीची ती बारीक कडी आणि तिच्यात घालायचं ते टोक, त्यात अंतर किती? मला वाटलं टोक चांदीला लागलं. दाबलं, तर हवेतच मिटलं. परत धरलं. या वेळी काहीतरी लागलं, मी दाबलं, आणि तिनं श्वास आत ओढला. कातडी होती.

"आबा?" पोरगा म्हणाला.

मी तिसऱ्यांदा धरायला गेलो. टोक कुठं जातंय ते मलाच कळेना. कपाळावरचा घाम तिच्या पायावर पडला. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच म्हणाली, "गाडी ढकलून आल्यात, हात थरथरतोय त्यांचा. जरा दम..."

"हात न्हाई," मी म्हणालो. "डोळा."

एकदा तोंड उघडल्यावर मग सगळंच बाहेर आलं. दवाखाना, डॉक्टरीण काय म्हणाली ते, थेंब कशाचे ते. अशोक नगरची बाई. डबी बंद पडली ते, ती का बंद पडली ते, पुलापासनं मी कसा आलो ते. सुनेच्या भावासमोर, न्हाव्यासमोर. न्हावी बिचारा तमिळ, त्याला शब्द कळले नसतील, पण तोही खाली बघायला लागला.

पोरगा ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला नाही. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आईचे पाय डाव्या बाजूला होते, आबा."



जोडवं असं कापलं की कटरवर माझा हात आणि माझ्या हातावर त्याचा. दाबलं त्यानं. बायकोला ते चाललं. कडी दोन तुकडे होऊन जमिनीवर पडली तेव्हा ती पहिल्यांदा रडली. पोरगा तिला गाडी करून दवाखान्यात घेऊन गेला. बोटाचं हाड तडकलं होतं, पट्टी बांधून दुपारी आणली. मग जावळ झालं, चार तास उशिरा. नातू मामाच्या मांडीवर असा रडला की सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. जेवताना माझ्याशी कुणी वाकडं बोललं नाही, सरळही बोललं नाही. संध्याकाळी बायको उशीवर पाय ठेवून पडली होती, तिनं विचारलं, "थेंब घातलासा का?" आजवर ती ते कोरड्या डोळ्यांचंच औषध समजत होती. आता माहीत असून तशाच आवाजात विचारलं. मी पिशवीतनं बाटली काढली आणि सगळ्यांसमोर डोळ्यावर धरली. पहिला थेंब गालावर पडला. सुनेनं उठून दुसरा नीट घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. गाडी बाहेर काढली, डाव्या बाजूची पायपट्टी वाकली होती ती दगडानं ठोकून सरळ केली, टाकी पुसली. पोरगा डबा घेऊन कामाला निघाला तेव्हा त्याच्या हातात किल्ली दिली. तो म्हणाला, नको आबा, मी कंपनीच्या बसनं जातो. मी म्हणालो, गाडीवर बस. क्लच थोडा जड आहे, गार असताना चोक अर्धाच ओढायचा, पहिला गिअर टाकताना दांडगाई करायची नाही. त्यानं दांडगाईच केली, मी ओरडलो. मग त्याच्या मागं बसलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटच्या मागच्या भागावर बसलो आणि हात कुठं ठेवायचे ते कळेना, शेवटी त्याचे खांदे धरले. कारखान्याच्या गेटापर्यंत मी त्याला चार चुका सांगितल्या. गेटावर उतरलो, तो आत गेला, गाडीही आत गेली. मी रस्त्याच्या डाव्या कडेला लागलो, म्हणजे सगळी वाहनं उजव्या डोळ्याच्या बाजूनं जातात, आणि चालत परत निघालो. तीन किलोमीटर होतं. मध्ये एका रिक्षावाल्यानं विचारलं, येता का. मी नाही म्हणालो.